राहायचं गाव

या देशात माणसानं राहावं असं गाव कोणतं, हे सांगण्याचा अधिकार फक्त एका माणसाला आहे आणि तो माणूस माझा साडू आहे. सरकार अधूनमधून राहण्यायोग्य शहरांच्या याद्या काढतं म्हणतात. काढू दे बापडं. माझ्या साडूंना न विचारता काढलेल्या यादीला आमच्या घरात कुणी किंमत देत नाही. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान, राहणार देवळाली प्रवरा, गाई-म्हशींचं दूध काढायची मशिनं विकतात, आणि ती विकायला जिथं म्हणून दुभतं जनावर आहे तिथं तिथं जाऊन येतात. आज आणंद, उद्या लुधियाना, परवा इरोड. मेहुणीबाई, म्हणजे आमच्या अक्का, यांना शेजारणींनी विचारलं की साहेब कुठं आहेत, तर त्या नुसत्या चारी दिशांना हात फिरवतात. या एवढ्या पायपिटीतून साडूंनी एक सिद्धांत काढलाय. जगात तीनच प्रकारची गावं असतात: राहायचं गाव, उतरायचं गाव आणि नुसतं गाडी बदलायचं गाव. पुण्याला त्यांनी एका झटक्यात तिसऱ्या वर्गात टाकलं. मी नगरात जन्मलो, नगरातच नोकरीला लागलो आणि नगरातून हलायची मला हौस नाही, त्या माझ्या नगरला त्यांनी 'उतरायचं गाव' असा शेरा मारलाय, आणि तोही, "तुमी हाय म्हणून. न्हाईतर गाडी बदलायचंच हुतं," असं ऐकवून. देवळालीचा नंबर पहिला, हे वेगळं सांगायला नको.

आता गावाची परीक्षा घ्यायची म्हणजे काही रीत पाहिजे. साडूंची पहिली परीक्षा बनियनची. लॉजवर उतरले की अंगातलं बनियन धुवायचं, खिडकीत वाळत घालायचं आणि ते कसं वाळतं ते बघायचं. केरळात एकदा त्यांचं बनियन मुक्काम संपला तरी वाळेना. शेवटी ते तसंच पिशवीत घालून देवळालीला आणलं, अंगणातल्या दोरीवर टाकलं आणि अक्कांना बोलावून सांगितलं, "बघ, केरळचं पाणी हाय ह्यात." उलट राजस्थानात ते खिडकीशी जाऊन मागं वळेपर्यंत वाळलं आणि असं कडक झालं की घालताना त्याचा आवाज आला. दोन्हीकडची माणसं त्यांना फार आवडली, पण बनियनपुढं माणसांचं काय चालणार! दुसरी परीक्षा पत्त्याची. बसस्टँड कुठाय, असं ते मुद्दाम विचारतात. तमिळनाडूत एका गृहस्थानं त्यांना हाताला धरून स्टँडवर नेलं, वाटेत इडली खाऊ घातली, खिडकीची जागा धरून दिली आणि भलत्याच गावाच्या गाडीत बसवून दिलं. साडू भलत्याच गावी उतरले ते डोळे पुसतच. मला फोनवर म्हणाले, "चुकीच्या गाडीत बसवलं, पण काय माया करून बसवलं हो! राहायचं गाव हाय, पाव्हणं!"

पण या सगळ्या चिल्लर परीक्षा. खरी परीक्षा डाळीची. साडूंच्या प्रवासी बॅगेत मशिनांची माहितीपत्रकं वर असतात आणि तळाशी विजेची शेगडी, एक कल्हई केलेली पितळी पातेली आणि डबाभर तुरीची डाळ. डाळ घरच्या शेतातली, अक्कांनी पाखडलेली. ज्या पाण्यात डाळ शिजते ते पाणी माणसाला मानवतं आणि जे पाणी मानवतं ते गाव राहायचं, हा त्यांचा सरळ हिशेब. मी एकदा त्यांना सुचवलं की एवढी खटपट करण्यापेक्षा छोटा कुकर ठेवा. त्यांनी माझ्याकडं फार करुणेनं पाहिलं. "कुकरात धोंडासुदिक शिजतो, पाव्हणं. पाण्याची परीक्षा उघड्या पातेल्यात." भिजत घातलेली डाळही त्यांना चालत नाही. ती म्हणजे परीक्षेला बसणाऱ्याला आदल्या दिवशी पेपर दाखवणं.

लुधियानाला भर दुपारी त्यांची डाळ उतू गेली, शेगडीतून ठिणगी उडाली आणि अख्ख्या लॉजची वीज गेली. पंखे बंद पडले तशी माणसं टॉवेल गुंडाळून, साबणाच्या फेसासकट बाहेर आली. मालक आरडाओरडा करत जिना चढला. तेवढ्यात खोलीचं दार उघडून साडू पातेली घेऊन बाहेर आले आणि मराठीत ओरडले, "शिजली! लोण्यावानी शिजली!" त्यांनी त्या फेसाळलेल्या मंडळींच्या हातावर चमचा चमचा डाळ ठेवली. मालकाच्या हातावर दोन. मालकानं मग वीज दुरुस्त होईपर्यंत त्यांना स्वतःच्या खाटेवर झोपवलं आणि पुढं त्याच्या मेहुण्याच्या गोठ्यात साडूंचं मशीन बसलं. हिवरे बाजारला तर त्यांची डाळ अशी सुरेख शिजली की त्यांनी तिथंच एका म्हाताऱ्या बाबांना जागेचा भाव विचारला. बाबा म्हणाले, बाहेरच्याला आमी जमीन देत न्हाई. साडू नाराज व्हायच्या ऐवजी खूश होऊन परतले. "बघा, किती सांभाळून ठिवलंय गाव! माझ्यासारखा कुणीबी उठून जाईल तर ठिवतील व्हय?"

डाळ शिजली की लगेच मला फोन. रामराम नाही, कसे आहात नाही. फोन उचलला की एकच शब्द, "शिजली!" किंवा खोल गेलेल्या आवाजात, "न्हाई शिजली." एका मीटिंगमध्ये मी घाईत साहेबांचाच फोन उचलून "शिजली का?" असं विचारून बसलो. तेव्हापासून ते माझ्याशी जरा जपून बोलतात. आमची ही मात्र फोन वाजला की लाटणं घेऊन धावत येते आणि शिजली असेल तर तिकडच्या माणसांसाठी मनापासून आनंद मानते. आसामात कुणाचं पाणी चांगलं निघालं म्हणून आमच्या सावेडीच्या घरी शिरा झालाय.

ही सगळी गंमत चालली होती तोवर ठीक होतं. मग त्यांची मुलगी लग्नाची झाली. आमची भाची रूपाली, एकुलती एक, बँकेत नोकरीला. चारचौघांच्या घरी मुलीला स्थळ बघायचं म्हणजे मुलगा बघायचा, घरची माणसं बघायची. आमच्या साडूंना स्थळ म्हणजे स्थळच. नाशिककडचं एक स्थळ बघून आले आणि अक्कांपुढं बसून तास न् तास बोलत राहिले: संध्याकाळी वारं कुठून येतं, पाणी कसं हलकं आहे, बनियन किती मऊ वाळलं. अक्का म्हणाल्या, "आन् मुलगा?" साडू थबकले. "मुलगा? मुलगा बाहीर गेल्ता वाटतं." मागाहून कळलं की पोहे आणून देणारा, डाळीला पाणी काढून देणारा, बनियन दोरीवरून काढून घडी करून देणारा तो उंच पोरगा म्हणजेच मुलगा. तो बिचारा घाबरला आणि त्यांच्याकडून नकार आला. साताऱ्याकडचं स्थळ तर साडूंना एवढं पसंत पडलं की, "आमी दोघंबी हितंच आलो तर चालंल का?" असं ते विचारून बसले. घरजावई लोकांनी ऐकला होता. घरसासरा कुणी ऐकला नव्हता. तेही मोडलं.

अशातच रूपालीची बदली पाथर्डीला झाली. काही महिन्यांनी एका रविवारी ती आमच्याकडं आली, हिच्याशी काहीबाही बोलली आणि मी एकटा सापडताच म्हणाली, "काका, एक सांगायचंय. पप्पांना तुम्हीच सांगा." तिकडं एक जनावरांचा डॉक्टर आहे. गाईच्या कर्जांच्या कामानं बँकेत येतो. मुलगा चांगला आहे, घरची माणसं चांगली आहेत, दोघांचं ठरलंय. मी म्हटलं, अगं मग अडचण काय? ती म्हणाली, "काका, गाव पाथर्डीच्याही पुढं आहे. डोंगराच्या पायथ्याला." मी खुर्चीत मागं टेकलो. त्या भागात साडू पूर्वी एकदा मशीन दाखवायला गेले होते आणि त्यांची डाळ सकाळपासून दुपारपर्यंत उकळून जशीच्या तशी उरली होती. येताना त्यांनी ती डाळ धुवून, वाळवून परत आणली होती! तेव्हापासून पाथर्डीचं नाव काढलं की ते "गाडीबी थांबू नये तिथं" म्हणायचे. "पप्पांनी तिथं पातेली काढली तर माझं लग्न कच्चंच राहील, काका," असं म्हणून रूपाली हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. या पोरीला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला साडूंचा त्या दिवशी पहिल्यांदा राग आला.

साडूंना स्थळ बघायला तयार करणं सोपं होतं. मी सांगितलं, मुलगा जनावरांचा डॉक्टर आहे. ते म्हणाले, "आसंना का. पाणी बघू." तेव्हा आम्ही काका-भाचीनं एक बेत रचला. साडूंच्याच घरच्या नळाचं, देवळालीचं, पाणी एका कॅनमध्ये भरायचं, कॅन गाडीत मागच्या सीटखाली दडवायचा, आणि तिकडं डाळ चढवायची वेळ आली की मी पुढं होऊन पातेलीत ते पाणी ओतायचं. देवळालीच्या पाण्यात देवळालीची डाळ शिजणार नाही तर काय! माझ्यासारख्या आळशी माणसानं एवढा बेत कधी आखला नव्हता. साडू, अक्का आणि रूपालीला गाडीत घेऊन करंजीचा घाट चढताना मला आपण फार मोठे मुत्सद्दी असल्यासारखं वाटत होतं.

मुलाचं घर साधं, पण पुढं ओटा मोठा. डॉक्टर मुलगा फाटकाशी उभाच होता. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला आणि फारच सद्गुणी असल्यामुळं गाडीतलं सामान उतरवायला घेतलं: साडूंची बॅग, अक्कांची पिशवी, आणि सीटखालचा कॅन. मी 'अहो, ते राहू द्या' म्हणेपर्यंत कॅन स्वयंपाकघरात पोहोचला. मुलाच्या आईला वाटलं, नगरकडची नाजूक मंडळी, यांना आमचं खारं पाणी सोसत नसेल म्हणून यांनी आपलं पाणी बरोबर आणलंय. त्या माउलीनं आमची सोय म्हणून त्याच कॅनमधलं पाणी तांब्याभांड्यातून बाहेर पाठवलं.

साडूंनी एक घोट घेतला. डोळे मिटले. दुसरा घोट घेतला. मग भांडं खाली ठेवून त्यांनी मांडीवर थाप मारली. "अक्षी ग्वाड! पाव्हणं, आमी उगीच बदनाम केलं हे गाव! आवो, राहायचं पाणी हाय हे!" मी रूपालीकडं पाहिलं, रूपालीनं माझ्याकडं पाहिलं. डाळ चढवायचीही गरज उरली नव्हती. लग्न ठरलं होतं. साडू तर विहीर कुठं आहे, आडवं बोअर कुणी मारलं, असं विचारत गावाची स्तुती करू लागले. तेवढ्यात मुलाची आई पदरानं हात पुसत बाहेर आली, उंबऱ्याशी टेकली, आणि कौतुक कशाचं चाललंय ते कळावं म्हणून तिनंही उरलेल्या भांड्यातला घोट घेतला.

"ह्ये आमचं पानी न्हाई," ती म्हणाली. "ह्ये तर तुमच्या देवळालीचं हाय. तुमच्याच गाडीतून आलंय."

साडूंनी मान वळवून आमच्याकडं पाहिलं. मी ओट्याच्या कडेवरून चाललेली एक मुंगी फार बारकाईनं बघू लागलो. पण साडूंचं कुतूहल रागापेक्षा नेहमीच पुढं असतं. ते तिला म्हणाले, "पर तुमी कसं वळखलं?"

"लई पिलंय की," ती हसली. "आमी टोळीत यायचो तुमच्याकडं, ऊस तोडायला. दिवाळी झाली की गाडीत बिऱ्हाड टाकायचं अन् निघायचं. तुमी मशिन घिऊन फिरता, आमी कोयता घिऊन फिरायचो. ह्यो डॉक्टर तिकडंच झाला, तुमच्या गावाच्या शिवारात, उसाच्या फडाच्या कडंला, पाचटाच्या कोपीत."

मला एकदम सुचलं. "साडू, ऐकलंत का? म्हणजे मुलाचं जन्मस्थळ देवळाली! स्थळ पहिल्या नंबरचं आहे!" पण साडूंनी मला हातानं थांबवलं. ते त्या बाईंकडंच बघत होते. आपल्या गावाची तारीफ ऐकायची त्यांना फार हौस. "मग सांगा की," ते म्हणाले, "कसं वाटलं आमचं गाव? राहायला?"

पाहुण्याला दुखवावं असं तिच्या मनात नव्हतं, हे दिसत होतं. "पानी लई ग्वाड," ती म्हणाली. "हिरवंगार समदं. पर राहायला न्हवतं, दादा, ते आमाला. इतकी वर्सं आलो, तर नाव कुनी इचारलं न्हाई. लहान-थोर समदी 'ए टोळी' म्हनायची. टोळी, हिकडं ये. टोळी, तिकडं बस. हितं पानी खारं हाय, पर हाक नावानं येती."

अक्कांनी पदर सारखा केला. आयुष्यभर देशभर फिरून, बनियनं वाळवून, पत्ते विचारून माझ्या साडूंनी अनेक गावं नापास केली होती, पण देवळालीला कुणी नापास करेल असं त्यांच्या स्वप्नात आलं नव्हतं. मला वाटलं, आता ते उठणार. ते उठलेही. बॅग उघडून त्यांनी पातेली काढली, डाळीचा डबा काढला आणि त्या बाईंपुढं जाऊन, नाशिकच्या मुलाकडं ढुंकूनही न पाहिलेला हा माणूस, म्हणाला, "नाव काय तुमचं?"

"कौसाबाई."

"कौसाबाई, तुमचं पाणी द्या. आन् चूल असंल तर चूल."

डाळ चढली. रूपाली भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा इतका उतरला होता की मी तिकडं बघायचंच टाळलं. पाणी उकळलं, आटलं, कौसाबाईंनी आणखी घातलं, तेही आटलं. डॉक्टर साडूंना गाईंबद्दल काही सांगत होता आणि साडू, नवल म्हणजे, ऐकत होते. मध्येच त्याच्याकडं पाहून, "उंची बरी हाय," असंही म्हणाले. जेवणाची वेळ टळून गेली. शेवटी कौसाबाईंनी डावानं थोडी डाळ वाटीत काढून साडूंपुढं ठेवली. डाळीचे दाणे पाण्यातून वेगवेगळे मोजून घ्यावेत असे दिसत होते.

साडूंनी वाटी तोंडाला लावली. कचकन आवाज झाला. ओट्याच्या त्या टोकाला बसलेल्या मलाही तो ऐकू आला. साडू चावत राहिले, कच कच कच, गाय कडबा खाते तसे शांतपणे, आणि रूपालीकडं बघत राहिले. या माणसानं डाळीच्या बाबतीत कधी खोटं सांगितलं नव्हतं. लुधियानात नाही, इरोडात नाही, सख्ख्या बहिणीच्या सासरी नाही. त्यांनी वाटीतली सगळी डाळ संपवली, घोटभर पाणी घेतलं, तेही कौसाबाईंचं, आणि वाटी खाली ठेवली.

"शिजली, विहीणबाई," ते म्हणाले.

रूपाली आत पळाली. अक्का तिच्या मागोमाग गेल्या. मी मोठ्यानं हसलो आणि मग माझ्या लक्षात आलं की मला नीट दिसत नाहीये.

लग्न थाटात झालं. कौसाबाईंना देवळालीकर मंडळींनी व्यासपीठावर बसवलं आणि साडू प्रत्येक पाहुण्याला धरधरून त्यांच्यापाशी नेत होते, "ह्या कौसाबाई. नाव ध्येनात ठिवा." स्थळ बघून घरी आल्यावर त्यांना त्या डाळीनं पोटदुखी लागली होती, हे मला अक्कांनी नंतर सांगितलं, त्यांनी स्वतः अजून कबूल केलेलं नाही.

हल्ली साडूंचं फिरणं कमी झालंय. नव्या पोरांना पाठवतात. परवा मी देवळालीला गेलो तर अंगणात एकटेच बसले होते. अंगण स्वच्छ, पाट भरून वाहत होता, समोर ऊस डुलत होता. मी म्हटलं, काय साडू, पहिल्या नंबरच्या गावात मजा आहे. त्यांनी पाटाकडं पाहिलं. मग म्हणाले, "डाळ शिजती हो. लोण्यावानी शिजती. पर पोरगी गेल्यापास्नं हितलं पाणी मानवंना झालंय." मी म्हटलं, मग चार दिवस नगरला चला. "नगर उतरायचं गाव हाय," ते म्हणाले, पण त्या बोलण्यात पूर्वीचा जोर नव्हता.

काल दुपारी त्यांचा फोन आला. ही लाटणं घेऊन नेहमीसारखी धावत आली. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, रूपाली कुणावर तरी लटकी रागावत होती, कौसाबाई हसत होत्या.

"पाव्हणं," साडू म्हणाले, "न्हाई शिजली!" इतक्या आनंदानं ते हे वाक्य आजवर कधी बोलले नव्हते. "पाथर्डीला आलोय. सकाळपास्नं ठिवलीय चुलीवर. बिलकुल शिजत न्हाई. आता ती शिजंपत्तुर हितनं हलता येत न्हाई बघा."

मी म्हटलं, घाई करू नका. डाळ आहे, वेळ लागतो. फोन ठेवला तरी ही समोर उभीच होती, शिजली का विचारत. मी तिला सांगितलं, नाही शिजली, आणि आज शिरा कर.